विक्कन चिन्हांचा टॅटू-स्टेन्सिल संच: चंद्र उत्तम, गाठ फसवी

विक्का म्हणजे निसर्गपूजा आणि जादूविधी मानणारा आधुनिक पंथ. त्याच्या चिन्हांचा हा संच घ्यायला हरकत नाही, पण सोबतच्या अर्थांच्या टिपा डोळे मिटून मानू नका. त्रिचंद्र अचूक आहे: डावीकडे वाढती कोर, मध्ये पूर्णचंद्र, उजवीकडे घटती, म्हणजे देवीची तीन रूपं: कुमारी, माता, वृद्धा. उलट्या पंचताऱ्याला मात्र नुसतं ‘सैतानी’ म्हटलंय. गार्डनेरियन विक्कात (जेराल्ड गार्डनरच्या परंपरेत) तो दुसऱ्या दीक्षेचं चिन्ह आहे. (बघणारा एवढं थोडंच विचारतो!) सरळ ताऱ्याचं वरचं टोक मनगटाकडे ठेवलं, तर हात खाली सोडल्यावर तो उलटा दिसतो. म्हणून स्टेन्सिल उभं राहून, हात सैल सोडूनच लावा. दोन सेंटिमीटरची त्रिक्वेत्रा (तीन टोकांची विणलेली गाठ) टाळा: शाई पसरते, विणीतल्या फटी बुजतात. चार तरी हवेत. थोर या देवाचा हातोडा नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन. इथे उगाच घुसवलाय.