हास व्हीएफ-२वरील टूल लोड मर्यादा: फेसमिलला आधार, बारीक ड्रिलला नाही

हासच्या व्हीएफ-२ या व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या, संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) प्रत्येक टूलसाठी स्पिंडल लोडची, म्हणजे टूल फिरवणाऱ्या मोटरवरील भाराची, कमाल मर्यादा टक्क्यांत भरता येते आणि ती ओलांडल्यास मशीनने काय करावे, हे सेटिंग ८४ मध्ये निवडता येते. यासाठी वेगळा सेन्सर किंवा जादा वायरिंग लागत नाही. बाहेरून मॉनिटरिंग यंत्रणा विकत घेण्याचा विचार करणाऱ्या जॉबवर्क शॉपने आधी हीच सोय पुरती वापरून पाहावी, मात्र ती कोणत्या टूलवर चालते हे समजून घेऊन.

या मशीनचा स्पिंडल २२.४ किलोवॅटपर्यंत ताकद देतो. साध्या पोलादावर ६३ मिमीचा फेसमिल (सपाट पृष्ठभाग कापणारा रुंद कटर) ५० मिमी रुंदी, ३ मिमी खोली आणि मिनिटाला १००० मिमी फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) घेऊन चालवला, तर कापायला साधारण ५ किलोवॅट लागतात. इन्सर्टची (कटरवर बसवलेल्या बदलत्या पात्याची) धार गेली की हा आकडा चढू लागतो आणि लोड मीटरवर स्पष्ट दिसतो. ३ मिमीच्या ड्रिलला मात्र किलोवॅटचा जेमतेम दहावा भाग पुरतो. सकाळी बेअरिंग थंड असताना रिकामा स्पिंडल फिरवायला जो जादा जोर लागतो, त्यातच एवढासा भार बुडून जातो, आणि ड्रिल मोडले तरी कंट्रोलला (मशीनच्या संगणकाला) पत्ता लागत नाही. हा दोष हासचा नव्हे. मोटरच्या लोडवरून टूलची अवस्था ओळखू पाहणाऱ्या कोणत्याही मशीनवर हेच घडते.

मर्यादा ओलांडल्यावरचे पर्याय चार आहेत: अलार्म, फीडहोल्ड (फीड थांबवणे), बीप आणि ऑटोफीड. त्यांतला ऑटोफीड सर्वांत आकर्षक वाटतो, कारण लोड वाढला की कंट्रोल स्वतःच फीड कमी करतो आणि काम थांबत नाही. माझा आक्षेप नेमका इथेच आहे. बोथट झालेल्या इन्सर्टचा फीड कमी केला की चिप पातळ होते, धार कापण्याऐवजी घासू लागते आणि एसएस ३०४ सारख्या स्टेनलेस स्टीलचा पृष्ठभाग घासण्याने आणखी कडक होतो. म्हणजे टूल बदलण्याची जी वेळ होती, ती मीटर शांत ठेवून लपवली जाते. टॅपिंगच्या (टॅपने आटे पाडण्याच्या) वेळी ओव्हरराइड, म्हणजे चालू कामात फीड कमी-जास्त करण्याची सोय, बंद असल्याने ऑटोफीडचा उपयोगच होत नाही, आणि थ्रेड मिलिंगला (कटर फिरवून आटे कापताना) तो वापरू नये. मी फीडहोल्ड पसंत करतो, पण त्यात फीड थांबला तरी स्पिंडल फिरत राहतो, त्यामुळे ऑपरेटर जवळ असलेल्या शिफ्टलाच तो योग्य. रात्री माणसाशिवाय चालणाऱ्या मशीनला अलार्मच बरा.

मर्यादेचा आकडा कॅटलॉगमधून मिळत नाही. स्पिंडल गरम झाल्यावर नव्या इन्सर्टने पहिले काही जॉब काढावेत, रफिंगमधले (सुरुवातीच्या जाड कापातले) सर्वांत मोठे वाचन टिपावे आणि त्यात सुमारे पाव भाग सूट म्हणून मिळवावा. बारवरून कापलेल्या एकसारख्या मालाला एवढे पुरते; कास्टिंग किंवा फोर्जिंगमध्ये अलाउन्स (कापून काढायच्या जादा धातूची जाडी) जॉबगणिक बदलतो, तिथे सूट वाढवावी लागते आणि तेवढ्या प्रमाणात इशारा उशिरा मिळतो. फिनिशिंगच्या टूलांवर मर्यादा लावण्याच्या भरीस मी पडणार नाही.

ज्यांचे बहुतेक काम बारीक ड्रिल आणि एम३, एम४ (३ आणि ४ मिमी आट्यांच्या) टॅपचे आहे, त्यांनी पैसे टूल सेटर प्रोबवर (मशीनमध्येच टूलची लांबी मोजणाऱ्या उपकरणावर) खर्चावेत आणि प्रत्येक ड्रिलिंगनंतर टूलची लांबी तपासून घ्यावी.