पहिलीच्या प्रवेशासाठी ‘कोट्या’चे चाळीस हजार: कोल्हापुरात नव्याने येणाऱ्या पालकांनी हे वाचावं

वर्षाच्या मध्येच गाव बदलून कोल्हापुरात येणाऱ्या आई-वडिलांसाठी हे लिहिते आहे. शाळेचा प्रवेश ‘आतून’ करून देतो म्हणणारा एक माणूस आमच्याकडून चोपन्न हजार पाचशे रुपये आणि मुलीचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला घेऊन गेला. पोलिसांत तक्रार दिली आहे. पण तक्रार द्यायला गेले तेव्हा ठाण्याच्या बाकावर उचगावचं एक जोडपं बसलेलं होतं आणि त्यांचं दुखणंही हेच होतं. आमिष वेगळं, रीत तीच. तेव्हाच ठरवलं की हे सगळं जसं घडलं तसं लिहायचं.

मिस्टरांना गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम मिळालं आणि दिवाळी झाल्यावर आम्ही चिपळूणहून पाचगावात भाड्याने राहायला आलो. मुलगी पहिलीत, पहिलं सत्र तिकडेच झालेलं. घरापासून सोयीची म्हणून शहराच्या हद्दीतली एक खासगी शाळा आम्ही बघून ठेवली होती. फाटकावर ‘प्रवेश बंद’ असा फलक, वॉचमन आत सोडेना, “जूनमध्ये या” एवढंच म्हणे. शाळेचा फोन कोणी उचलत नव्हतं.

शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात आम्ही भाडेकराराच्या आणि दाखल्याच्या प्रती काढत होतो. तिथे तो उभा होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात शाळेचं नाव छापलेली फाइल. दुकानदार त्याला ‘सर’ म्हणत होता. “कुठनं आलाय वहिनी? चिपळूण का? पोरगी पहिलीला दिसतेय.” आमचे कागद त्याच्या डोळ्यांसमोरच मशीनमधून निघत होते, त्यामुळे त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. मुलीचं नाव, जन्मतारीख, जुनी शाळा, आमचा नवा पत्ता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे फोनवर तो मुलीचं नाव घेऊन बोलायचा आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की हा खरोखर शाळेच्या दफ्तरातून बोलतोय.

त्याच्या बोलण्यात खरं आणि खोटं अशा बेमालूम रीतीने मिसळलेलं होतं की दोन्ही वेगळं करणं बाहेरगावच्या माणसाला अशक्यच. तो म्हणाला, “अहो, इथे महापालिकेच्या जरगनगरच्या शाळेतसुद्धा प्रवेशासाठी गुढीपाडव्याला रांगा लागतात. तुम्ही दिवाळी झाल्यावर आलाय.” जरगनगरच्या रांगा खऱ्या आहेत, शेजारच्या बायकांनीही तेच सांगितलं. मग तो म्हणाला, “पाचगाव ग्रामपंचायतीत येतं, महापालिकेत नाही.” हेही खरं होतं. आणि या दोन खऱ्या गोष्टींच्या पाठोपाठ त्याने तिसरी, धादांत खोटी गोष्ट सरकवली: हद्दीबाहेरच्या मुलांना शहरातल्या शाळेत घालायचं तर ‘हद्दीचा ना-हरकत दाखला’ लागतो, तो दाखला हा माणूस काढून देईल. हद्दवाढीचा विषय कोल्हापुरात वर्षानुवर्षं गाजतोय, चहाच्या टपरीवरही त्याच्यावरून वाद चालतात. नव्याने आलेल्या माणसाला असा एखादा दाखला लागत असेल हे अगदी पटण्यासारखं होतं.

पैसे त्याने एकदम कधीच मागितले नाहीत. आधी पाच हजार ‘फॉर्म आणि टोकन’, मग साडेतीन हजार त्या हद्दीच्या दाखल्याचे. मग म्हणाला की सर्वसाधारण जागा संपल्या, आता फक्त ‘मॅनेजमेंट कोटा’ उरलाय, त्याचे चाळीस हजार. पंचवीस क्यूआर कोडवर आणि पंधरा रोख. क्यूआर स्कॅन केल्यावर शाळेचं नाव आलं नाही, कुठल्या तरी एंटरप्रायझेसचं आलं. विचारलं तर उत्तर तयारच होतं: “कोट्याचं डोनेशन शाळेच्या खात्यावर घेता येत नाही, ऑडिटला अडचण होते.” शेवटी सहा हजार ‘सरल ट्रान्सफर’चे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत मुलीचं नाव जुन्या शाळेतून नव्या शाळेत वळवण्याचे. या प्रत्येक वेळी मिस्टरांनी प्रश्न विचारले होते, आणि प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे कागद होता. शिक्का मारलेली पावती, शाळेच्या लेटरहेडवरचं ‘प्रवेश निश्चिती पत्र’, त्यावर मुख्याध्यापकांची सही. सगळं बनावट, पण बाहेरगावच्या माणसाने पडताळायचं कशाशी? एक गोष्ट मात्र तो दर वेळी बजावायचा: “शाळेत थेट जाऊ नका वहिनी. कोट्याचं नाव बाहेर फुटलं तर रद्द होतं.”

मूळ दाखला त्याने ‘पडताळणीसाठी’ म्हणून नेला. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत विषारी गोष्ट हीच. पैशांपेक्षा त्या कागदाने आम्हाला बांधून ठेवलं. शंका यायला लागली तरी मनात एकच भीती होती, हा माणूस रागावला तर दाखला परत देणार नाही, आणि दाखला नाही तर दुसरी कुठलीच शाळा घेणार नाही. त्यालाही हे पक्कं ठाऊक होतं. मी जरा आवाज चढवला की तो शांतपणे म्हणायचा, “तुमचं ओरिजिनल माझ्याकडे आहे वहिनी, काळजी करू नका.” ती धमकीच होती. एवढ्या काळात मुलगी घरी बसून होती आणि रोज दप्तर भरून ठेवत होती.

उलगडा झाला तो गणवेशामुळे. कुठला गणवेश घ्यायचा हे विचारायला घरमालकीण काकू माझ्याबरोबर शाळेत आल्या. काकू इथल्याच, वॉचमनला त्यांनी नावाने हाक मारली आणि आम्ही आत गेलो. कार्यालयातल्या लिपिक बाईंनी पावती हातात घेतली आणि लगेच बाजूला ठेवली. त्यांच्या पावत्या संगणकावरून निघतात, आमची हाताने लिहिलेली. शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे प्रत्येक शाळेला मिळणारा सरकारी ओळख क्रमांक, अकरा अंकी असतो, आमच्या पावतीवरच्या शिक्क्यात दहाच आकडे. सही मुख्याध्यापकांची नाही. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत बसले: पहिलीत जागा रिकाम्या होत्या. सत्र सुरू झाल्यापासून रिकाम्या होत्या. फाटकावरचा फलक जूनच्या गर्दीपासून तसाच राहिलेला.

करवीर पंचायत समितीत शिक्षण विभागाकडे गेले तिथे, आणि नंतर एका वकील ओळखीच्यांनी, जे समजावून सांगितलं ते इथे देते, कारण नेमकी हीच माहिती नसते म्हणून असे लोक जगतात. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १५ प्रमाणे प्रवेशाची मुदत उलटून गेली म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५ प्रमाणे एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना दाखला मिळायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही, ते कलम १४. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर तो आम्हाला गप्प बसवत होता, त्या कागदावाचूनही मुलगी अशा शाळेत बसू शकत होती. आणि देणगी? कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी देणगी घेणं हाच गुन्हा, घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड. महाराष्ट्रात तर देणगीबंदीचा १९८७ चा स्वतंत्र कायदा आहे. तेव्हा प्रवेशासाठी ‘कोट्याचं डोनेशन’ मागणारा माणूस शाळेचा असो वा भामटा, दोन्हीकडून बेकायदाच.

हद्दीचा दाखला नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. पाचगाव, कळंबा, उचगाव, कुठलंही मूल शहरातल्या शाळेत जाऊ शकतं. फरक फक्त तक्रार कुठे करायची याचा: ग्रामपंचायतीच्या हद्दीतली शाळा असेल तर करवीर पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी, महापालिकेच्या हद्दीतली असेल तर महापालिकेची प्राथमिक शिक्षण समिती. आणि ‘सरल ट्रान्सफर’ची विनंती नव्या शाळेचे मुख्याध्यापक त्यांच्या लॉगिनवरून पाठवतात, जुनी शाळा ती मंजूर करते. पालकाला त्यासाठी एक रुपयाही भरावा लागत नाही.

उचगावच्या त्या जोडप्याला पंचवीस टक्क्यांच्या जागेचं, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या जागेचं, गाजर दाखवलं होतं. सोडतीत नाव लागलं नव्हतं, तर ‘वेटिंग लिस्टमध्ये नाव वर घेतो’ म्हणून पैसे घेतले. ती सोडत राज्यस्तरावर संगणकावर निघते, अर्ज ऑनलाइन आणि विनामूल्य असतो, आणि स्थिती अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर कोणालाही बघता येते. घराचं अंतर बघितलं जातं तेही त्या पंचवीस टक्क्यांतच. निवड झाल्यावर कागद तपासायला पडताळणी समिती असते. यादीत नाव वर-खाली करायला मधल्या कुठल्याही ‘सरां’ना जागाच नाही. रोजंदारीवर जगणारं ते कुटुंब, बाईने कानातलं मोडलं होतं. याच कोल्हापुरात १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्याच शहरात पोराला शाळेत घालू बघणाऱ्या आईकडून असे पैसे उकळले जावेत याचा मला अजून संताप येतो.

पैशांचं काय झालं तेही सांगते. शाळेतून बाहेर पडल्या पडल्या मिस्टरांनी १९३० वर फोन केला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक आहे. क्यूआरवरून गेलेल्या पैशांपैकी शेवटचे सहा हजार अजून त्या खात्यात होते, ते गोठवले गेले. आधीचे काढून घेतलेले होते. म्हणून उशीर करू नका, पैसे गेल्यानंतरच्या पहिल्या काही तासांनाच किंमत असते. रोख दिलेल्याचा पुरावा नाही असं समजून गप्प बसू नका. आम्ही त्याचे संदेश, बनावट पावती, क्यूआरचा फोटो आणि कॉलची नोंद दिली. पूर्वी ज्याला चारशेवीस म्हणायचे ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. अर्ज दिल्यावर त्याची पोच शिक्क्यासह मागून घ्या. तोंडी सांगून परत येऊ नका.

त्या पोचेच्या जोरावर पुढचं काम झालं. चिपळूणच्या शाळेला अर्ज आणि तक्रारीची प्रत पाठवली, मुख्याध्यापिकांनी दाखल्याची दुसरी प्रत दिली. जन्मदाखला तर नगरपरिषदेतून हवा तेवढ्या वेळा मिळतो. मुलगी त्याच शाळेत पहिलीत बसते आहे, नियमित फी शाळेच्या खिडकीवर भरून, संगणकाची पावती घेऊन.

तो माणूस अजून सापडलेला नाही, नंबर बंद आहे. मात्र पाडवा आणि जून जवळ आले की तो किंवा त्याच्यासारखा दुसरा कुणीतरी शाळांसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानांत उभा असणार, असं मला पक्कं वाटतं. फाटकावर कोणी अडवलं तर मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत शिक्षण विभागाला द्या. मूळ कागद शाळेच्या कार्यालयाबाहेर कुणाच्याही हातात ठेवू नका. आणि ज्यांचे असेच पैसे किंवा दाखले गेले आहेत, त्यांनी रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नये, आपापल्या ठाण्यात अर्ज द्यावा. आमचा आणि उचगावकरांचा अर्ज एकत्र आला तेव्हा दोन्ही पावत्यांवरचा शिक्का एकच असल्याचं दिसलं, आणि तपास शिक्के बनवणाऱ्या दुकानांपर्यंत गेला तो त्यामुळेच.