सहा खाटा, एक फ्लॅट आणि पाचव्या महिन्यात दारात उभा मालक

नवी मुंबई परिसरातल्या खारघर, बेलापूर, नेरूळ या पट्ट्यात परदेशातून शिकायला येणाऱ्या मुलांची जागेवरून फसवणूक होते, तेव्हा फ्लॅट बहुधा खरा असतो. चावी लागते, पंखा फिरतो, वॉचमन ओळखीचं हसतो. गडबड असते ती चावी देणाऱ्यात. त्याने तो फ्लॅट स्वतः भाड्याने घेतलेला असतो आणि 'मालक दुबईला असतो, सगळं मीच बघतो' असं सांगून खाटेवारी पुढे दिलेला असतो. ज्या मुलांना याचा फटका बसतो ती मराठी वाचत नाहीत. म्हणून हे त्यांच्या वर्गमित्रांसाठी, सोसायटीच्या सेक्रेटरींसाठी आणि फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांसाठी.

आधी हिशेब मांडू, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. समजा टू बीएचके आहे, भाडं २८,००० आणि डिपॉझिट एक लाख. मधला माणूस मालकाला एक लाख आणि पहिल्या महिन्याचं भाडं देतो, म्हणजे १,२८,०००. आत सहा खाटा टाकतो. खाटेमागे महिना ९,००० आणि डिपॉझिट ३०,०००. पहिल्याच आठवड्यात डिपॉझिटचे १,८०,००० हातात येतात, म्हणजे घातलेले पैसे तिथेच वसूल. दुसऱ्या महिन्यापासून तो मालकाला भाडं देणं बंद करतो. मालक फोन करतो, 'काका, या महिन्यात जरा अडचण आहे, डिपॉझिटमधून कापा' असं उत्तर मिळतं. तीन महिन्यांचे ८४,००० कापून झाले की मालकाकडे उरतात १६,०००. पाचव्या महिन्यात तो स्वतः येऊन बेल वाजवतो आणि दार उघडतो तो कधी न पाहिलेला परदेशी मुलगा. तोवर मुलांकडून चार महिन्यांचे २,१६,००० गोळा झालेले असतात. खर्च वजा जाता मधल्या माणसाच्या पदरात २,६८,००० आणि त्याचा फोन बंद.

या धंद्याचं इंधन म्हणजे मालकाचं गप्प बसणं. डिपॉझिट हातात आहे म्हणून तो निवांत असतो, आणि नेमका तेवढाच वेळ समोरच्याला हवा असतो.

परदेशी मुलंच का सापडतात? कारण त्यांना कागदाच्या बाबतीत एक सबब खपवता येते: 'तुमच्याकडे आधार नाही, त्यामुळे करार रजिस्टर होत नाही, नोटरी करून देतो.' पाचशे रुपयांचा स्टॅम्पपेपर, नोटरीचा लाल शिक्का, दोन सह्या. कागद दिसायला भारदस्त असतो आणि कामाच्या वेळी पोकळ निघतो. घरी बसून होणाऱ्या ऑनलाइन नोंदणीत आधारच्या अंगठ्याची अडचण येते हे खरं. पण दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन पासपोर्ट दाखवून नोंदणी करता येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खर्च वाचवायला म्हणून नोटरी, हेही पटण्यासारखं नाही. वरच्या उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं ३,०८,००० होतं, डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज साधारण ९,२००. या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे आठशेच्या आसपास, वर महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटची हमाली वेगळी.

हा घोळ मुलाला कळतो तो व्हिसाच्या नोंदणीच्या वेळी. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने पोहोचल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नोंदणी करायची असते. नेपाळ आणि भूतानच्या मुलांना ती लागत नाही. अर्ज ई-एफआरआरओ पोर्टलवर होतो: पासपोर्ट, व्हिसा, फोटो, कॉलेजचं बोनाफाइड आणि राहण्याचा पुरावा. शिवाय परदेशी माणूस राहायला आला की जागा देणाऱ्याने २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात. मधला माणूस 'भरला, भरला' म्हणतो. भरलाच नसतो, कारण भरायचा तर फ्लॅट कोणाचा हे उघड करावं लागेल. मग अर्ज शंका काढून परत येतो, १४ दिवस उलटतात, आणि तोच माणूस 'माझी तिथे ओळख आहे' म्हणून आणखी पैसे मागतो. तिथे ओळखीने होण्यासारखं काही नसतं. मुलाने कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कक्षात जावं आणि सी-फॉर्मची पोच मागावी. पोचेवरचा पत्ता आणि जागा देणाऱ्याचं नाव करारातल्याशी जुळलं पाहिजे.

बँकेचंही तसंच. परदेशी विद्यार्थ्याला पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशपत्रावर एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं रुपयातलं, खातं उघडता येतं, पण स्थानिक पत्त्याचा पुरावा ३० दिवसांत द्यावा लागतो. तोवर परदेशातून १,००० डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाहीत आणि महिन्याला ५०,००० पेक्षा जास्त काढता येत नाहीत. या अडचणीचा फायदा घेऊन 'घरच्यांना सांग, डिपॉझिट थेट माझ्या खात्यावर पाठवा' असं सुचवलं जातं. पैसे कोणत्याही मार्गाने जावोत, ते ज्या नावाच्या खात्यावर जातात तेच नाव करारात मालक म्हणून असायला हवं. नसेल तर तिथेच थांबा.

मालक कोण हे बघायचं कसं? नुसत्या लाइट बिलावर जाऊ नका. महावितरणच्या बिलावर कित्येकदा बिल्डरचं किंवा आधीच्या मालकाचं नाव वर्षानुवर्षं तसंच असतं. बिलाचा उपयोग इतकाच, की १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकून पत्ता आणि थकबाकी तपासता येते. मालकीसाठी सूची क्रमांक २ बघा, म्हणजे नोंदवलेल्या खरेदीचा सारांश, ज्यात विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव असतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये ती फुकट शोधता येते. खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात येतात. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा. चुकीचा जिल्हा निवडला की 'नोंद नाही' येतं आणि माणूस उगाच घाबरतो. मालमत्ता कराचं बिलही तसंच, खारघरला पनवेल महापालिकेचं, नेरूळला नवी मुंबईचं. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे इथल्या गावठाणातल्या इमारतींची सूची २ बऱ्याचदा मिळत नाही. तिथे कराचं बिल आणि शेजाऱ्यांची विचारपूस यावर भागवावं लागतं. मोठं डिपॉझिट तिथे देऊच नये.

सगळ्यात सोपी तपासणी मात्र सोसायटीच्या ऑफिसात होते. सेक्रेटरीला फ्लॅट नंबर सांगून मालकाचं नाव आणि सध्याचा भाडेकरू कोण, एवढं विचारायचं. हे काम मराठी बोलणाऱ्या वर्गमित्राने केलं तर दहा मिनिटांत होतं. परदेशी मुलगा एकटा गेला तर गेटवरूनच परत पाठवला जातो. मधला माणूस 'माझा मालकाशी करार आहे' म्हणाला तर तो करार बघा. दस्त क्रमांक आणि दोघांचे फोटो आहेत का, आणि पुढे कोणाला जागा देण्याची परवानगी लिहिली आहे का. बहुतेक करारांत तशी मनाईच असते.

अजून मायदेशी असलेल्या मुलाने टोकन पाठवण्याआधी व्हिडिओ कॉल चालू असताना समोरच्याला खाली मीटररूमपर्यंत चालत न्यावं आणि फ्लॅटचा मीटर नंबर दाखवायला लावावा. आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत हे जमत नाही. पहिले दहा दिवस कॉलेजच्या हॉस्टेलात किंवा गेस्टहाउसमध्ये काढून मग घर शोधलं तर उत्तमच.

मालकांनी एवढं करावं: दुसऱ्या महिन्याचं भाडं अडकलं की डिपॉझिटमधून कापत न बसता फ्लॅटवर चक्कर मारावी. आत परदेशी मुलं सापडली तर त्यांची माहिती भरली गेलेली नाही हा प्रश्न तुमच्याही गळ्यात येणार.

पैसे गेलेच असतील आणि नुकतेच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. यूपीआयने दिले असतील तर व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक हाताशी ठेवावा. पोलीस ठाण्यात 'ही दिवाणी बाब आहे' असं ऐकायला मिळू शकतं. एकेकट्याने जाण्यापेक्षा सहाही जणांनी एकाच अर्जात सगळ्यांच्या रकमा, तारखा आणि खाते क्रमांक लिहून द्यावेत. एकाच फ्लॅटचं डिपॉझिट सहा जणांकडून एकाच पद्धतीने उकळलेलं दिसलं की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक नाकारणं अवघड जातं. सोबत मालकाचा नोंदणीकृत करार जोडला तर फारच बरं, कारण मधल्या माणसाचा खरा फोटो आणि अंगठा मुलांकडे नसतो, त्या दस्तात असतो. त्यासाठी दारात चिडून उभ्या असलेल्या मालकाला आत बोलवावं, पाणी द्यावं आणि सगळे कागद समोर ठेवावेत. त्यालाही भाडं हवंच आहे. राहू इच्छिणाऱ्यांच्या नावे त्याच आठवड्यात थेट करार नोंदवून, सी-फॉर्म भरून घ्यावा, आणि त्या दिवशीच्या मीटर रीडिंगचा फोटो दोघांनीही काढून ठेवावा.