स्टार ट्रेकचा ड्रेस शिवायचाय: 1966 वाला की 1987 वाला?

भाचा विचारत होता, फंक्शनला कुठला शिवू. स्टार ट्रेक म्हणजे अवकाशयानातल्या लोकांची अमेरिकन टीव्ही सीरियल, 1966 ची जुनी आणि 1987 ची नवी. दोन्ही सीरियल बघितल्यात त्याने, म्हणून तर जास्त गोंधळ. त्याला सांगितलं ते असं.

आधी रंग बघ. जुन्यात कॅप्टन सोनेरी आणि लाल म्हणजे इंजिनिअर, सिक्युरिटी वगैरे, ज्यातला अनोळखी माणूस ग्रहावर उतरला की बहुतेक मेलाच. नव्यात बरोब्बर उलटं, कॅप्टन लाल आणि सिक्युरिटी सोनेरी, निळा तेवढा दोन्हीकडे सायंटिस्ट-डॉक्टरचा. म्हणजे लाल घातलास तर कोण आहेस ते सांगत बसावं लागेल.

कापडाचं म्हणशील तर जुना शर्ट मुळात वेलूरचा, म्हणजे मखमलीसारख्या कापडाचा होता, धुतला की आटायचा, म्हणून तिसऱ्या सीझनला कापडच बदललं त्यांनी. आणि कॅप्टनचा खरा रंग हिरवट, कॅमेऱ्यातून सोनेरी दिसायचा. तू क्लॉथ मार्केटातून साधं होजिअरी घे, काळी पँट घरची, बाहीवर सोनेरी लेस, झालं, कुठलाही टेलर शिवेल.

नव्याचं शिवणं मात्र डोकेदुखी आहे रे. पहिल्या दोन सीझनचा अंगाला घट्ट स्पँडेक्सचा, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या कापडाचा एकसंध सूट, त्याने नटांच्या पाठी दुखायच्या. नंतरचा कॉलरवाला दोन भागांचा, तो दिसतो झकास पण खांद्याला काळा, खाली रंगीत, जोड इकडचातिकडे झाला की गेलं, आणि वरचा भाग सारखा चढतो, तो खाली ओढायची नव्यातल्या कॅप्टन पिकार्डची सवय तर फेमसच आहे.

एकदाच घालायचा, बजेट कमी, तर जुना. फोटो पाहिजेत, टेलर ओळखीचा आहे आणि इंदूरच्या थंडीत घालणारेस, तर नव्यातला तिसऱ्या सीझनपासूनचा कॉलरवाला. स्पँडेक्सवाला कोणालाच नको.