बारा वर्षांचा कॉम्प्युटर, आठ महिन्यांची एसएसडी आणि चाळीस रुपयांचा सेल

जूनमध्ये कॉम्प्युटरला एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली, त्याच आठवड्यात अनुभव लिहायला बसले होते. बरं झालं राहून गेलं. तेव्हा नुसतं कौतुक लिहिलं असतं आणि जानेवारीत "एसएसडी जळाली" असं दुकानदाराने सांगितल्यावर रागाने सगळं खोडलं असतं. दोन्ही वेळा चुकलेच असते.

मशीन 2013 च्या दसऱ्याचं. आय-थ्री 3220 प्रोसेसर, एच61 मदरबोर्ड, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. आमचं घर सोलापुरात साखर पेठेत, भिंतीला भिंत लागून टॉवेलचा कारखाना. या मशीनवर मी चार कारखानदारांचे हिशेब आणि जीएसटी बघते, त्यामुळे ते बंद पडलं की माझी कमाई थांबते.

मे महिन्यापर्यंत अशी गत होती की सकाळी बटण दाबायचं, चहा करायचा, प्यायचा, कप विसळून यायचं, तरी हिशेबाचं टॅली उघडलेलं नसायचं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत 100 टक्के. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोने तिच्यावर इशाऱ्याचा पिवळा शेरा मारला होता. दुकानदार म्हणाला, "ताई, भंगारात घाला, 28 हजारात नवा सेट देतो." प्रोसेसर मात्र दहा टक्केही वापरात नव्हता. सगळं अडलं होतं ते डिस्कपाशी, मग बाकीचं कशाला टाकायचं? 240 जीबीची एसएसडी 1,650 ला आणि डीडीआर-3 ची जुनी 4 जीबी रॅम 450 ला घेतली. एकूण 2,100 रुपये.

कॅबिनेट उघडलं तेव्हा प्रोसेसरवरचा पंखा काढून बघितला. खाली जाळीवर कापसाच्या तंतूंची चक्क गादी जमली होती, बोटभर जाड, करड्या रंगाची. चिमटीत धरून ओढली तर अख्खी एका तुकड्यात निघाली. सोलापुरात मागाच्या शेजारी राहणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी हे करायलाच हवं. उन्हाळ्यात पारा 43 वर गेला की हवा मिळेना म्हणून प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि आपण विंडोजला दोष देत बसतो.

विंडोज 10 नव्याने टाकलं. लायसन्स बोर्डाशी जोडलेलं असल्याने नेट लागल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं. जुनी डिस्क तशीच्या तशी कॉपी करायचा नाद केला नाही, कारण डिस्कच्या खराब झालेल्या भागावर (सेक्टरवर) कॉपी अडकते. आता बावीस सेकंदांत डेस्कटॉप येतो. एच61 ला डिस्क जोडायला जुनी साटा-2 जोडणीच असल्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही हे खरंय, माझ्याकडे सेकंदाला पावणेतीनशे एमबीच्या वर जात नाही. पण जुनी डिस्क रखडायची ती हजारो बारक्या फायली शोधताना, आणि तिथला फरक जमीन-अस्मानाचा आहे.

मशीन पळायला लागलं आणि मग नेटचं दुखणं उघडं पडलं. संध्याकाळी सात वाजले की नेट जायचं. नेटवाल्यांना फोन केला की ठरलेलं उत्तर, "राउटर बंद करून चालू करा." दिवाळीच्या आधी लाल दिवा लागला तो लागलाच. अकरा दिवस रोज तक्रार नोंदवली, आणि रोज "उद्या माणूस येईल". बाराव्या दिवशी मुलगा आला, मीटर लावला तर फायबरच्या तारेतून येणाऱ्या उजेडाचा आकडा उणे 28. उणे 27 च्या खाली गेलं की राउटरच्या डब्याला उजेडच नीट वाचता येत नाही. कारण खिडकीतच होतं. जोडणी करताना त्यांच्याच माणसाने फायबर खिळ्याला काटकोनात गुंडाळली होती. तिला मोठा वळसा देऊन सोडल्यावर आकडा उणे 19 झाला. दोन मिनिटांचं काम. दोन वर्षं मी पैसे भरत होते, आणि या दोन मिनिटांसाठी माझे अकरा दिवस गेले. कॅबिनेटमागचा वाय-फायचा डोंगलही मग काढून टाकला आणि सरळ लॅन केबल ओढली.

तरीही नेट नीट नव्हतं. डिसेंबरमध्ये चार दिवस अक्कलकोटला लग्नाला जाऊन आले, तर काही साइट उघडायच्या, काही नाहीत. पडद्यावर "युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट". कनेक्शन शब्द वाचला आणि पुन्हा नेटवाल्यांना फोन लावला. या वेळी दोष त्यांचा नव्हता, हे स्पष्ट सांगते. त्याच राउटरच्या वाय-फायवर मोबाइलमध्ये सगळं उघडत होतं, तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. कोपऱ्यातली तारीख चार दिवस मागे होती. प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे साइट खरी असल्याच्या दाखल्याला, कधीपासून कधीपर्यंत अशी मुदत असते. ज्यांनी याच आठवड्यात सर्टिफिकेट नवं केलं, त्यांची मुदत माझ्या मशीनच्या हिशेबाने अजून सुरूच झालेली नव्हती, म्हणून तेवढ्याच साइट अडत होत्या. तारीख हाताने सुधारली आणि विंडोजचाच घोळ असेल म्हणून सोडून दिलं.

मग जानेवारी. गड्ड्याची यात्रा चालू होती, रिटर्नची 20 तारीख तोंडावर आली होती. सकाळी मशीन चालू केलं तर काळ्या पडद्यावर "सीमॉस चेकसम एरर", एफ-1 दाबलं तर निळा पडदा, "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस". दुकानदार फोनवरच म्हणाला, "सांगितलं होतं ना, एसएसडी जळाली." आणि पुन्हा तोच 28 हजारांचा सेट.

मदरबोर्डवर एक चपटा सेल असतो, सीआर2032. 20 म्हणजे 20 मिलिमीटर रुंदी आणि 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी. मशीनचा वीजपुरवठा पूर्ण तुटला की घड्याळ आणि बायोसमधल्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधल्या, नोंदी (सीमॉस) याच्यावर टिकतात. वीज वाचावी म्हणून मी बारा वर्षं रोज रात्री भिंतीवरचं बटणही बंद करत आले, म्हणजे रोज रात्रभर सगळा भार या सेलवर. कारखान्यातल्या वायरमनला मीटर घेऊन बोलावलं. तीन व्होल्ट हवेत तिथे 1.9. "वहिनी, सेल मेलाय की हा. कॉम्प्युटरला काय धाड झाली?"

सेल मेल्यावर बायोस मूळ नोंदींवर परत गेला होता. माझ्या बोर्डाची मूळ नोंद आयडीई, म्हणजे डिस्कशी बोलायची जुनी पद्धत, आणि जूनमध्ये विंडोज टाकलं होतं एएचसीआय या नव्या पद्धतीवर. त्यामुळे एसएसडी समोर असूनही विंडोजला ती सापडत नव्हती. कडेची खिटी नखाने बाजूला सारली, जुना सेल टुपकन वर आला. नवा बसवला, बायोसमध्ये एएचसीआय केलं, तारीख घातली. बावीस सेकंदांत डेस्कटॉप. एसएसडीची तब्येत 99 टक्के. 19 तारखेला चारही रिटर्न भरून मोकळी झाले.

कुठे 28 हजारांचा सेट आणि कुठे 40 रुपयांचा सेल. घरातली वीज वाचवणाऱ्या, खडखडीत मशीन वापरणाऱ्या किती जणांना असं भंगाराच्या वाटेला लावलं असेल, या विचाराने मला अजून चीड येते. तारीख मागे पडायला लागली की आधी सेल बदला, मग कुणाला फोन करायचा तो करा.

विंडोज 11 या मशीनवर अधिकृतपणे चालत नाही, प्रोसेसर जुना आणि सुरक्षेची टीपीएम 2.0 चिपही नाही. विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, पण जादा वर्षाच्या योजनेत नाव नोंदवलंय, त्यामुळे 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे अपडेट येत राहतील. टॅलीसाठी विंडोज लागतंच, पुढचं तेव्हा बघू.

एसएसडीला पाचपैकी पाच. रॅमला चार, जुनी असूनही एकदाही कुरकुर नाही. नेटवाल्यांच्या बिलात त्या अकरा दिवसांची वजावट अजून आलेली नाही. तक्रारींच्या मेसेजचे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवलेत, 5 तारखेला नवं बिल आलं की ते घेऊन ऑफिसात जाणार आहे.