कटिंगचे तीन दर: स्वस्त, मधला आणि महाग

पुरुषांच्या कटिंगच्या दरात एका दुकानापासून दुसऱ्या दुकानापर्यंत तिप्पट-चौपट फरक पडतो, आणि बरेच जण दर ठरवतात तो दुकानाच्या थाटावरून. माझं मत वेगळं आहे. आपण मुख्यतः कारागिराचा वेळ आणि त्याचा हात विकत घेतो. आपल्या कटला त्यातलं किती लागतं, यावरून दर ठरवावा.

सगळ्यात स्वस्त दुकानात दहा-पंधरा मिनिटांत खुर्ची रिकामी होते. डोक्यावर सगळीकडे एकाच लांबीचे केस ठेवत असाल तर एवढं पुरतं, जास्त पैसे घालवू नका. फक्त ‘बारीक करा’ असं न म्हणता मशीनचा नंबर सांगा: एक नंबर म्हणजे सुमारे 3 मिलिमीटर, दोन म्हणजे 6, चार म्हणजे 13. घाईची कटिंग फसते ती बाजूचे मशीनने कापलेले आणि वरचे कात्रीने कापलेले केस जिथे मिळतात तिथे. तो सांधा नीट मुरवला नाही, तर डोक्यावर टोपी ठेवल्यासारखी रेघ दिसते.

मधल्या दरात साधारण अर्धा तास मिळतो आणि हा सांधा नीट बसतो. कंगव्यावर केस उचलून कात्री चालवायला वेळ लागतो, ते काम इथे होतं. चांगला कारागीर पाणी मारण्याआधी कोरड्या केसांतून बोटं फिरवून भोवरा कुठे आहे आणि केस कुठल्या बाजूला वळतात ते बघतो. भोवऱ्यावरचे केस फार आखूड कापले की ते उभेच राहतात, म्हणून तिथे तो थोडी लांबी सोडतो. ही एक गोष्ट सांभाळली गेली तरी मला वरचे पैसे वसूल वाटतात.

महाग सलूनमध्ये आधी बोलणं होतं, मग केस धुणं, कापणं, वाळवणं, आणि वाळल्यावर पुन्हा कात्रीचा हात फिरवणं. यातलं शेवटचं सर्वांत मोलाचं. कुरळे केस ओले असताना ताणले जातात आणि वाळले की वर चढतात. ओले असताना नेमके दिसणारे केस घरी पोचेपर्यंत आखूड झालेले असतात. कुरळे केस, पुढून विरळ होत चाललेले केस, किंवा लांब केसांवरून एकदम आखूडवर यायचं असेल, तर इथे पैसे घाला. सरळ, दाट केसांना आणि नेहमीच्याच कटला याची गरज नाही.

आता वर्षाचा हिशेब. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात. फेडमध्ये, म्हणजे बाजूचे केस खाली अगदी बारीक आणि वर जाताना हळूहळू लांब ठेवतात त्या कटमध्ये, बाजूला 3 मिलिमीटर ठेवलेले केस नऊ-दहा दिवसांत दुप्पट होतात आणि दोन-तीन आठवड्यांत फेड विरून जातो. कात्रीने नीट उतरवलेला मध्यम लांबीचा कट सहा आठवडे आकार धरू शकतो. तीन आठवडे टिकणारा कट वर्षाला सतरा वेळा करावा लागतो. दुप्पट दराचा पण सहा आठवडे टिकणारा कट आठ-नऊ वेळा. खर्च जवळपास तेवढाच! चौपट दराचा कट मात्र बारा आठवडे टिकत नाही. म्हणून बहुतेकांना मी मधला दर सुचवेन. नवा कट एकदा महाग ठिकाणी बसवून घ्यावा, त्याचे पुढून, बाजूने आणि मागून फोटो काढावेत आणि पुढे मधल्या दराच्या कारागिराकडून तोच राखावा. फेड आवडत असेल, तर जिथे दर दोन-तीन आठवड्यांनी खिशाला न जड होता जाता येईल, तेच दुकान तुमचं.

स्वच्छता मात्र दरावर सोडू नका. हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. वस्तऱ्यात नवं ब्लेड तुमच्यासमोर घातलं नाही, तर मानेवर आणि कल्ल्यांवर वस्तरा लावू देऊ नका, दुकान कितीही महागडं असो. कंगवे आणि टॉवेलही बघून घ्या, त्यातून नायटा पसरतो.

आणि कट कसा जमलाय हे दुकानातल्या आरशात ठरवू नका, तिथे जेल आणि ड्रायरने सगळंच छान दिसतं. दुसऱ्या दिवशी केस धुवा, टॉवेलने पुसा आणि काहीही न लावता वाळू द्या. तसेच जागेवर बसले, तर त्याच कारागिराचं नाव विचारून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच्याच खुर्चीवर बसा.