नऊ महिने ब्लूटूथ टॅग वापरले. एक ठिपका मात्र भिंतीत अडकला

गेल्या आठवड्यात आमचं ड्रिल मशीन भिंतीत होतं. म्हणजे स्क्रीनवर. गोदाम आणि दुरुस्तीची खोली यांच्यामधल्या भिंतीच्या बरोब्बर पोटात हिरवा ठिपका, हलेना की डुलेना. दोन माणसं अर्धा तास शोधत होती आणि मी सर्व्हिसवाल्याशी भांडत होतो. त्याचं एकच पालुपद: "सर, रीकॅलिब्रेट करा", म्हणजे मोजमाप पुन्हा जुळवून घ्या.

अवजारांना आणि ट्रॉल्यांना लावलेले ४० टॅग, त्यांचा सिग्नल पकडणारे ६ रिसीव्हर. सिग्नल जितका क्षीण, तितका टॅग लांब असं ॲप धरतं आणि ठिपका दाखवतं. रिकाम्या हॉलमध्ये अचूकता ठीकच होती. लोखंडी रॅक भरले आणि गणित फिरलं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने पडतो. इथे मध्ये माणूस उभा राहिला तरी तेवढा पडू शकतो, कारण शरीरातलं पाणी २.४ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल पितं. मग ५ मीटरवरचा टॅग १० मीटरवर आहे असं वाटणारच.

पहिले तीन महिने मी याला अंदाजपंचे म्हणत होतो. ते शब्द अर्धे मागे घेतो. ॲपच्या आत पार्टिकल फिल्टर आहे, १९९३ पासून माहीत असलेली पद्धत. टॅग कुठे असू शकेल याचे शेकडो अंदाज ती एकदम बाळगते, 'इथे असता तर हे रीडिंग यायची शक्यता किती?' असं प्रत्येकाला विचारते, आणि न पटणारे अंदाज टाकून देते. डोकं शाबूत आहे. माती खाल्ली ती स्क्रीनने. निम्मे अंदाज भिंतीच्या अलीकडे, निम्मे पलीकडे, आणि ॲप काढतं सरासरी! दोन शक्य जागांची सरासरी म्हणजे एक अशक्य जागा.

सेटिंगमध्ये पाच पायऱ्या आत 'शक्यतेचा नकाशा' सापडला. तो चालू केल्यावर दोन डाग दिसले, एक मोठा, एक लहान. मशीन लहान डागात निघालं, पत्र्याच्या कपाटामागे. हे बटण मला नऊ महिने कुणी का दाखवलं नाही?

थोडा दोष माझाही. भिंतींचा आराखडा मी भरलाच नव्हता, कोण दिवस घालवणार. तो भरल्यावर भिंतीतून आरपार जाणारे अंदाज बाद होतात आणि ट्रॉलीचा माग चांगला लागतो. शिवाय सेल वाचवायला टॅगने दर १० सेकंदांनीच सिग्नल द्यावा असं मी ठेवलं होतं. तेवढ्यात ट्रॉली दारातून पार होते. फिल्टरला अंदाज ऐसपैस पसरावे लागतात, मग भिंतीच्या दोन्ही बाजूंना तेच. आता ट्रॉल्या २ सेकंदांवर आहेत, बाकी सगळं १० वरच. सेल काय झाडाला लागतात?

एकाने सुचवलं, यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड, ब्लूटूथऐवजी वेगळं रेडिओ तंत्र) घे, ते सिग्नलची ताकद नाही तर वेळ मोजतं. खरंय, एका नॅनोसेकंदात रेडिओलहर सुमारे ३० सेंटीमीटर जाते, त्यामुळे मोजमाप बारीक होतं. पण रॅकने सरळ वाट अडवली की परावर्तित लहर वळसा घालून उशिरा येते आणि टॅग आहे त्यापेक्षा लांब दिसतो. म्हणजे तिथेही शक्यतांचं गणित सुटत नाही, वर सगळे टॅग नवे घ्यायचे. नको.

आज चौथी तक्रार टाकली: नकाशा पहिल्याच स्क्रीनवर द्या, आणि ठिपका बंद करायचं बटण द्या. उत्तर आलंय. रीकॅलिब्रेट करा.